घरचं वर्गात सांगू नये म्हणे, सर

सर, तुमच्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही, म्हणून इथं बोलते आहे. बोलू दिलं नाही म्हणजे कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं, एवढंच. समाजशास्त्र विभागात माणसं दोन, त्यातलं एक गेलेलं, आणि उरलेल्या एकीला मागच्या रांगेत खुर्ची. प्राचार्य बोलले, संस्थेचे सचिव बोलले, जिमखान्याचे सर बोलले. या शेवटच्यांचा आणि तुमचा संबंध गॅदरिंगच्या मांडवापुरता. तुम्ही म्हणे शांत होता. तुम्ही म्हणे अजातशत्रू होता, आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मी इकडंतिकडं बघितलं, की आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या शोकसभेत तर आलो नाही ना.

आणि प्राचार्यांनी तुम्हाला 'कैलासवासी मुलाणीसर' म्हटलं. मागून कुणीतरी हळूच 'पैगंबरवासी' अशी दुरुस्ती केली, तेव्हा ते गडबडले आणि पुढच्या वाक्यात दोन्ही म्हणून मोकळे झाले. मला हसू फुटलं, सर. भर शोकसभेत. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या मराठीच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरोखरच रडू आलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कैलासात मला घेतील व्हय बाई? तितं बी आधी मान कुणाचा ते इचारत्यात."

तर तुम्ही शांत नव्हता, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं. तुम्ही भांडायचा. स्टाफरूममध्ये शेंगा फोडत भांडायचा, सायकल हातात धरून फाटकापाशी भांडायचा, आणि समोरचा जिंकायला लागला की खूश व्हायचा. माझ्याशी तर पहिल्या दिवसापासून. आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही.

पहिला दिवस आठवतो? दुष्काळ नुकताच सरला होता, कॉलेजच्या हौदात पाणी आलं होतं. सातारा ते सांगली रस्त्यावरचं हे आपलं गाव, आणि मी पुण्याहून एम.ए. होऊन आलेली सुभेदारांची मुलगी. साताऱ्याकडच्या आमच्या खेड्यात 'आमी' आणि 'तुमी' म्हणणारी मी पुण्याहून अशी बोली घासूनपुसून आणली होती की आमच्या आईला वाटायचं पोरगी आजारी आहे. माझा तास ऐकायला तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसलात. विषय विवाहसंस्था. मी पुस्तक उघडलं आणि संथपणे सांगायला लागले, मुलं माना खाली घालून उतरवायला लागली. आते-मामे भावंडांमधील विवाह हा दक्षिण भारतात व काही आदिवासी जमातींमध्ये आढळतो, पूर्णविराम, पुढचा मुद्दा.

तास संपल्यावर तुम्ही व्हरांड्यात गाठलंत.

"बाई, तुमी लय छान वाचता. रेडिओवर बातम्या देत्यात तशा."

मी खूश झाले. इतकी कोरी होते मी तेव्हा.

"एक सांगा. आते-मामे भावंडांत लग्नं कुठं होत्यात म्हनला?"

"दक्षिण भारतात, सर. आणि काही आदिवासी जमातींत."

"आनि तुमची आई कुणाच्या घरात दिलीया?"

आमच्या आईची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. मला स्वतःला आत्याच्या मुलाला द्यायचं, हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. त्यातून सुटायला तर मी पुण्याला पळाले होते! तरीही तासाला उभी राहून मी असं सांगत होते, जणू हे सगळं लांब कुठंतरी, जंगलात राहणाऱ्या माणसांत घडतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याच वर्गात मुलांना विचारलंत, ज्याची आजी ही आईची आत्या लागते त्यानं हात वर करावा. निम्मा वर्ग हात वर करून बसला. त्याच हातांनी आदल्या दिवशी 'काही जमातींमध्ये आढळतो' असं उतरवून घेतलं होतं आणि एकालाही शंका आली नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "गड्या, म्हंजी आपुन जमात हाय व्हय रं?" वर्ग हसला. मी हसले नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता.

तो राग पुढं वर्षभर पुरला. मी नोट्स द्यायचे, तुम्ही म्हणायचा, देऊ नका. मी म्हणायचे, मुलं नापास होतील. तुम्ही म्हणायचा, हुंद्यात. मी पुस्तक मिटून वर्गात गेले त्या दिवशी एक मूल बोललं नाही. मी प्रश्न विचारला की सगळे फळ्याकडं बघायचे, जणू उत्तर तिथं उगवणार आहे. शेवटी घशाला कोरड पडून बाहेर आले, तर तुम्ही म्हणालात, "बाई, तुमी इचारता आनि लगीच तुमीच सांगता. गप ऱ्हायला शिका. लय अवघड हाय, मला बी अजून जमत न्हाई." आणि तुम्हाला खरंच जमत नव्हतं, सर. मला मात्र हळूहळू जमलं. वर्गात प्रश्न टाकून खिडकीशी जाऊन उभं राहायचं, उसाच्या गाड्या मोजल्यासारखं करायचं, आणि मागं कुणीतरी खाकरेपर्यंत वळायचं नाही. ते मी तुमच्याकडून शिकले. एवढं मान्य करायला माझं काही जात नाही.

मग तुमचा तो मानाचा धडा. टी.वाय.च्या प्रत्येक मुलानं वर्गासमोर उभं राहून आपल्या गावच्या जत्रेतले मान सांगायचे. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हलगी कुणी वाजवायची, जेवायला कोण कुठं बसतं आणि कोण बसतच नाही. तुमचे नियम कडक होते. चांगलं-वाईट म्हणायचं नाही, कोण कुठं उभं राहतं तेवढं सांगायचं. आणि दुसऱ्याच्या घरचं सांगायचं नाही, आपल्या घरचं सांगायचं.

सुरुवात तुम्ही स्वतःपासून करायचा. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी वर्ग गप्प व्हायचा. "माझा बाप गावचा मुलाणी. त्यानं सुरी लावल्याबिगर तुमचा म्हसोबा जेवत न्हाई. बोकड मराठ्याचं, देव मराठ्याचा, पर कलमा माझ्या बापाचा. आनि पंगत बसायची येळ झाली की माझा बाप आपला वाटा घेऊन घरला. कुणी हाकलायचं न्हाई. त्यो आपनहून जायाचा. आता सांगा, त्याला मान हुता का नव्हता?" मग तुम्ही रुमालानं फळा पुसायचा, फळ्यावर काहीही लिहिलेलं नसताना. इस्लामपूरकडची, कुंडलची, मलकापूरची पोरं, ज्यांना विद्यापीठाच्या पेपरात 'सामाजिक स्तरीकरण' लिहिताना घाम फुटायचा, ती एकमेकांना अडवून अडवून बोलायची. मी भिंतीला टेकून ऐकायचे. समाजशास्त्र शिकवायचं असतं ते हे, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग सुनंदाची पाळी आली. मोठ्या घरची मुलगी, पालखीचा पहिला खांदा ज्यांच्या घरात तीच. तिनं नियम तंतोतंत पाळला. तिनं सांगितलं, हलगी वाजवायला मांगवाड्यातली माणसं येतात, दिवसभर उन्हात वाजवतात, आणि आमच्या पंगती उठल्यावर त्यांना गोठ्यामागं पत्रावळी देतात, वरून टाकून. कोण टाकतं? "माझं चुलतं." आवाज चढवला नाही, वाईट म्हटलं नाही. तिचा चुलता आपल्या संस्थेवर होता, हे तिला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तुम्ही तिला थांबवलं नाही. त्या दिवशी तुमच्यावर माझा इतका जीव जडला होता, सर, की सांगता येत नाही.

आठवडा गेला नाही तोच संस्थेची बैठक बसली. कॉलेजात घरची अब्रू चव्हाट्यावर मांडायला शिकवतात, असं तिथं म्हटलं गेलं. घरचं वर्गात सांगू नये, असं ठरलं. घरच्यांनी सुनंदाचं नाव कॉलेजातून काढून तिला घरी बसवलं. तुम्ही सायकल मारत तिच्या गावी गेलात, ओट्यावर बसलात, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या आणि सुनंदाचा विषय काढला की ओटा मुका झाला, असं तुम्हीच सांगितलंत. तोवर आपल्यात सगळं ठीक होतं. मी तुमच्या बाजूची होते. मला वाटत होतं, आता तुम्ही आणि मी मिळून लढणार.

आणि मग फाटकापाशी ते बोलणं झालं.

"सर, तुम्ही बैठकीत माफी मागितलीत?"

"मागितली."

"कशाची?"

"कशाची त्ये त्यांनी बी इचारलं न्हाई, म्या बी सांगितलं न्हाई."

"आणि मानाचा धडा?"

"ठेवला बाजूला. बाई, तुमचं कायम करायचं त्याच बैठकीत हुतं. धडा चालू ऱ्हायला असता, तर तुमची आर्डर निघाली नसती."

"मला विचारलंत?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता."

"म्हणजे सुनंदा गेली आणि मी राहिले. तिच्या जिवावर."

तुम्ही सायकलचं हँडल सोडून पुन्हा धरलंत. "जरा दम धरा, बाई. येक दोन वर्सं गप बसू. माणसं इसरत्यात."

तेव्हा मी म्हणाले ते तुम्हाला आठवत असेलच. म्हणाले, "तुम्हीही आपला वाटा घेऊन घरी निघालात, सर. तुमच्या वडिलांसारखेच."

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही सायकलवर टांग टाकलीत आणि गेलात. त्या वाक्याबद्दल मला सगळे सांगतात की आता तरी मनातल्या मनात माफी माग. मी मागणार नाही. ते वाक्य खरं होतं, आणि खरं बोलायला तुम्हीच शिकवलं होतं. दुखलं असेल तर दुखायलाच म्हटलं होतं.

त्यानंतरचं वर्ष आपण वेळापत्रकापुरतं बोललो. मला सगळ्यात जास्त कशानं छळलं सांगू? तुमचा आणि माझा वर्ग एका पार्टिशननं वेगळा केलेला. पलीकडून तुमचा आवाज यायचा. तुम्ही नोट्स देत होता! कुटुंबाची लक्षणे, एक, दोन, तीन. स्वल्पविरामासकट. ज्या माणसानं मला रेडिओ म्हणून हिणवलं, तो स्वतः बातम्या वाचत होता. निकाल चांगला लागला, सचिवांनी भर सभेत तुमचं कौतुक केलं, तुम्ही खाली बघत बसलात. मी पलीकडच्या खुर्चीवरून तुमच्याकडं बघत होते, तुम्ही वर बघाल म्हणून. एकदा जरी बघितलं असतं तरी मी उठून आले असते.

मग तुम्ही गेलात. कसे, केव्हा, ते पेपरात आलंय. तुमच्या कब्रस्तानात बायकांनी जायचं नसतं, म्हणून मला मूठभर माती टाकता आली नाही. मी तुमच्या घरी भाभींजवळ बसले. भाभी चुलीपाशी भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. म्हणाल्या, "बाई, त्यांनी लय वाट बघितली तुमची. सारखं म्हनायचं, बाई अजून बोलत न्हाई."

"भाभी, खोटं कशाला बोलू? मी अजूनही चिडलेली आहे."

"मग चिडा की! त्ये बी कमी चिडायचं व्हय? माणूस गेला म्हनून भांडान सोडायचं आसतंय का?"

त्या घरात मला सांत्वन म्हणून जे काही मिळालं ते एवढंच, आणि ते पुरेसं होतं. येताना त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

आता लोक मला समजावतात. मराठीच्या बाई म्हणाल्या, अगं, त्यांनी मुद्दाम केलं असेल. आधी तुला कायम करून घ्यायचं आणि मग धडा सुरू करायचा, असा त्यांचा डाव असेल. सुंदर आहे ना सर? मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही शहाणपण जमा करता येतं. मी ते करणार नाही. तुम्ही डाव टाकला नव्हता. तुम्ही दमला होता आणि घाबरला होता, थोडं स्वतःसाठी आणि पुष्कळसं माझ्यासाठी. माझ्यासाठी घाबरलात याचं मला मोल आहे, फार आहे. पण तो निर्णय तुमचा नव्हता, माझा होता, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. प्रेमानं काढून घेतला तरी काढूनच घेतला की!

शोकसभेनंतर प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, टी.वाय.चे तास आता तुमच्याकडे. स्तरीकरणाच्या नोट्स मुलाणीसरांनी तयार करून ठेवल्या आहेत, त्याच देऊन टाका. आणि बाई, त्या जुन्या गोष्टी नकोत. मी विचारलं, कुठल्या जुन्या गोष्टी? ते म्हणाले, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे.

सर, आज मी टी.वाय.च्या वर्गात गेले. तुमच्या नोट्स कपाटातच राहिल्या. मुलांना म्हटलं, आजपासून मानाचा धडा सुरू. कुणी बोलेना. सुनंदाचं काय झालं ते खालच्या वर्गातल्यांनाही ठाऊक आहे. मी नेहमीसारखी खिडकीशी गेले नाही, कारण तुमच्या नियमानं सुरुवात मास्तरानं स्वतःपासून करायची असते. आणि एक जेवण, एक चहा, एक पंगत असं सगळ्यांच्या घरचं ज्या वर्गात निघालं, तिथं माझ्या घरचं मात्र कधी निघालं नव्हतं. तुम्ही निघू दिलं नव्हतं. माझी लाज राखलीत. मी मागितलं नव्हतं ते.

म्हणून आज मी सांगितलं. पुण्यातली बोली बाजूला ठेवून, आमच्या घरच्या बोलीत. सांगितलं, की माझं लग्न ठरवून मला नोकरी सोडायला लावणार होते, तेव्हा मुलाणीसर एस.टी.नं आमच्या गावी आले. माझे वडील सुभेदार, फौजेत मुसलमान दोस्तांच्या ताटात जेवलेले, तसं अभिमानानं सांगणारे. त्यांनी सरांना हाताला धरून बैठकीत बसवलं. आणि आईनं चहा दिला तो गोठ्याच्या खिडकीत ठेवलेल्या कपबशीतून, जी घरातल्या भांड्यांत मिसळत नाही. वडिलांनी ती बघितली, मीही बघितली, कुणी काही बोललं नाही. सरांनी चहा पिता पिता वडिलांना पटवलं, माझी नोकरी वाचवली. मग ते उठले, कपबशी घेऊन परड्यात गेले, स्वतः विसळली आणि कुणी न दाखवता बरोबर गोठ्याच्या त्या खिडकीत नेऊन पालथी घातली.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात व्हरांड्यातून प्राचार्य गेले, चार पावलं पुढं जाऊन मागं आले आणि दारात उभे राहिले. वर्गानं त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी आवाज वाढवला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.